साडेसहा ते नऊ

रविवार, रात्रीचे दहा. पोळ्याला दहा दिवस उरलेत.

पिणाऱ्या माणसाचा दिवस बिघडतो तो संध्याकाळी साडेसहा ते नऊच्या दरम्यान. ऑफिस सुटतं, दुकानाचं शटर खाली येतं आणि पाय आपसूक वळतात. अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस, म्हणजे एए, हा दारू सोडू पाहणाऱ्यांनी एकमेकांना आधार देण्यासाठी चालवलेला गट. त्याच्या मीटिंगा बहुधा संध्याकाळीच असतात, हे फार जणांच्या लक्षातच येत नाही. तिथलं बोलणं पहिले पंधरा दिवस डोक्यात शिरलं नाही तरी चालतं. त्या वेळेला माणूस खुर्चीत बसून राहिला, की तेवढ्या दिवसाचं भागलं.

म्हणून "चांगली मीटिंग कुठली?" हा प्रश्न नंतरचा. आधी आपली प्यायची वेळ कोणती ते बघायचं, मग त्या वेळेला पोचता येईल अशी जागा. ओळखीचं कोणी दिसेल या धास्तीने लोक नागपुरात मनीषनगरात राहून पार दुसऱ्या टोकाची, कामठीकडची मीटिंग शोधतात. चार दिवस जातात, पाचव्या दिवशी पाऊस येतो आणि मग राहतंच. आणि ओळखीचं कोणी तिथे भेटलंच, तर तोही त्याच कामासाठी आलेला असतो ना!

नागपुरात पत्ता मेडिकल किंवा मेयो या सरकारी रुग्णालयांच्या मानसोपचार ओपीडीत विचारावा, नाहीतर प्रादेशिक मनोरुग्णालयात. 14446 ही सरकारी व्यसनमुक्ती हेल्पलाइन, तिला पैसे पडत नाहीत. मात्र हातात आलेली यादी जुनी असू शकते. शाळेची खोली किंवा चर्चचा हॉल परीक्षेत, सुटीत बंद असतो. निघण्याआधी फोन करून तीन गोष्टी विचाराव्या: आज आहे का, कितीला, आणि कुठल्या गेटमधून. गेटवर चौकीदाराला "सातची मीटिंग कुठे आहे?" एवढंच विचारावं. कसली मीटिंग, ते त्याला सांगायची गरज नाही. बंद गेटावरून परत फिरलेला माणूस बहुतेक वेळा दुसऱ्यांदा येत नाही, म्हणून एवढी चिकाटी.

एक गोष्ट मीटिंगच्याही आधीची. रोज भरपूर पिणाऱ्याने "उद्यापासून बंद" म्हणून एकदम थांबू नये. शेवटच्या पेल्यानंतर सहा-आठ तासांत हात कापायला लागतात, घाम फुटतो. पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते. दुसऱ्या ते चौथ्या दिवसात भास, भ्रम, ताप. यात जीवही जातो. सकाळी पेला धरताना हात थरथरत असेल, पहिला घोट घेतल्यावरच थांबत असेल, तर आधी डॉक्टर. तिथे बी-1 जीवनसत्त्वाचं इंजेक्शन देतात, ते ग्लुकोजच्या सलाईनआधी. शेजारच्या दवाखान्यात नुसती सलाईन लावून घेणं हा उपाय नव्हे.

पहिल्या मीटिंगला काय होतं? तास-दीड तास. सुरुवातीला थोडं शांत बसणं, थोडं वाचन, मग शेअरिंग. एकेक जण आपलंच बोलतो. मध्ये कोणी टोकत नाही, सल्ला देत नाही. आपली पाळी आली तर नुसतं नाव सांगून "आज ऐकायला आलो" म्हटलं तरी पुरतं. आडनाव कोणी विचारत नाही. फी नाही. शेवटी पैशासाठी काही फिरवतात, नव्याने टाकलेच पाहिजेत असं नाही. सभासद व्हायला अट एकच: दारू सोडायची इच्छा. पिऊन आलेल्यालाही सहसा हाकलत नाहीत, गप्प बसून ऐक म्हणतात.

निघताना मात्र दोन कामं करूनच निघावं: दोन-तीन जणांचे नंबर, आणि पुढची मीटिंग कुठली ते. नंबर घेऊन ठेवणारे पुष्कळ, लावणारे थोडे. ती सवय तलफ नसताना लावायची, नाहीतर तलफेच्या वेळी बोटं चालत नाहीत.

घरच्यांबद्दल. क्लोज्ड मीटिंग फक्त पिणाऱ्यांची. ओपन असेल तर बायको, आई, भाऊ बसू शकतात. घरच्यांसाठी अल-अनॉन वेगळं आहे, 1951 पासूनचं. आणि दारू सुटावी म्हणून वरणात गुपचूप डायसल्फिरामची गोळी मिसळणं थांबवा. ती पोटात असताना माणूस प्यायला तर चेहरा लाल होतो, छाती धडधडते, बीपी कोसळू शकतं. ती गोळी त्याला सांगून, डॉक्टरच्या देखरेखीखालीच. "वर्ध्याला पाठवा, तिकडे दारूबंदी आहे" हाही सल्ला घरोघरी असतो. बाटलीला वर्ध्याचा रस्ता पाठ आहे.

आता पोळा. दुसऱ्या दिवशी नागपूरच्या महाल-इतवारीत मारबतीच्या पुतळ्यांची मिरवणूक निघते, "घेऊन जा गे मारबत!" करत रोगराई, महागाई सगळी शहराबाहेर काढतात, आणि त्याच दिवशी, करीच्या निमित्ताने, घराघरात मटण शिजतं आणि बाटली उघडते. ज्याला दारू सोडून दोन-तीन महिने झालेत त्याची स्लिप, म्हणजे पुन्हा पिणं, अशाच दिवशी होते: भूक, थकवा, जुने दोस्त, सगळं एकाच दुपारी. मिरवणूक बघायचीच तर पोटभर जेवून जावं, सोबत सोबर माणूस घ्यावा, खिशात फार पैसे ठेवू नयेत आणि चारच्या आत घरी यावं. स्पॉन्सरला, म्हणजे एएमधल्या आपल्या जुन्या, अनुभवी सोबत्याला फोन दुपारीच. संध्याकाळची खुर्ची आजच ठरवावी. त्या दिवशी शाळेला सुटी असली तर हॉल उघडतील का, तेही आत्ताच विचारून ठेवायचं.