विशारद झाल्यानंतरचा भीमपलास

गेल्या आठवड्यात संगीत विशारद पूर्ण परीक्षेचा निकाल लागला आणि तिवसा तालुक्यातील आमच्या गावाहून दर शनिवारी एसटीने अमरावतीला जाण्याचा माझा नऊ वर्षांचा क्रम थांबला. प्रारंभिक या पहिल्या परीक्षेपासून मोजल्यास परीक्षा सातच. परंतु नोव्हेंबर-डिसेंबरचे सत्र ऐन कापूस वेचणीत येत असल्याने दोनदा अर्ज भरता आला नाही. पं. विष्णू दिगंबर पलुस्करांनी १९०१ मध्ये लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढून गाण्याची विद्या सर्वांसाठी खुली केली नसती, तर कोरडवाहू शेती करणाऱ्या घरातील मुलीला ख्याल कोणी शिकवला असता, असे मला राहून राहून वाटते.

आमचा वर्ग दुपारी दोनला भरत असे. त्यामुळे भीमपलास हा दुपारचा राग मला त्याच्या वेळेवर, दिवसाच्या तिसऱ्या प्रहरी मिळाला. संध्याकाळनंतरचा यमन मात्र परतीच्या गाडीत मनातल्या मनात घोकावा लागला. भीमपलासाच्या आरोहात, म्हणजे स्वर चढत जाताना, ऋषभ आणि धैवत (रे आणि ध) वर्ज्य असतात, हे वहीत लिहून घ्यायला दोन मिनिटे लागली. त्याचा कोमल गंधार (उतरा ग) मध्यमाच्या, म्हणजे वरच्या म च्या आधाराने, किंचित झुलवत कसा घ्यायचा, यासाठी गुरुजींनी अख्खा पावसाळा दिला, आणि तानपुऱ्यावर तो जेव्हा प्रथम नीट लागला तेव्हा ते काही न बोलता डोळे मिटून बसले होते. प्रमाणपत्रापेक्षा ती दुपार मला मोलाची आहे.

आमच्या गावात गाणे म्हणजे राष्ट्रसंतांची भजने, खंजिरी आणि काकाजींची पेटी. मला सूर प्रथम त्याच पेटीने दिला. मात्र तिच्यावर स्वर सुटे सुटे असतात, एका स्वरातून दुसऱ्यात ओघळणारी मींड निघत नाही. शिकू लागल्यावर हे कानाला खुपू लागले आणि मधली दोन वर्षे मी भजनाला बसणेच टाळले. ते चुकले, याची खंत आजही आहे.

निकालाच्या दिवशी संध्याकाळी प्रार्थनेनंतर काकाजींनी विचारले, "आता आमच्या पेटीवर गाशीन ना वं?" मी भीमपलासाच्या अंगाने एक भजन धरले. गंधाराची ती जागा दुसऱ्यांदा आली तेव्हा त्यांनी आपणहून बोटे उचलली, फक्त षड्ज धरून ठेवला आणि मी मध्यमावरून खाली येईपर्यंत भाता हलकेच हलवत राहिले.