तुम्ही विचारलंत म्हणून: देवयानी दीर्घिकेचा (अँड्रोमेडा गॅलेक्सीचा) फोटो आणि ‘एडिट केलंय ना?’

हो, केलंय. पण तुम्हाला खरं विचारायचं असतं ते वेगळंच: हे तिथे आहे, की मी घातलंय?

सामान साधं. जुना डीएसएलआर, ५० एमएमची लेन्स, ट्रायपॉड. आकाशाबरोबर फिरणारा ट्रॅकर नाही, त्यामुळे पाच-सहा सेकंदांच्या वर शटर उघडं ठेवलं की ताऱ्यांच्या रेघा होतात. म्हणून पाच-पाच सेकंदांच्या दोनशे फ्रेम्स काढायच्या आणि घरी येऊन त्या एकावर एक बसवायच्या.

एका प्रदर्शनात हा फोटो लावला होता. एका ज्येष्ठ छायाचित्रकारांनी विचारलं, ‘मूळ फ्रेम आहे?’ फोनमध्ये होती, दाखवली. काळपट आकाश, थोडे तारे, मधे पुसट डाग. त्यांनी फोन हातात घेतला, बोटांनी मोठं करून पाहिलं आणि भोवतीच्यांना दाखवत म्हणाले, ‘यात तर काहीच नाही. मग हे कुठून आणलंस?’ लोक हसले. मी नॉइज, सरासरी असं काहीतरी बोलू लागले, तोवर ते धुक्यातल्या सिंहगडाच्या फोटोकडे वळलेही होते. (त्यातलं धुकंही वाढवलेलं होतं. ते कुणी विचारलं नाही.) संध्याकाळी एक काकू जवळ येऊन म्हणाल्या, ‘वाईट वाटून घेऊ नकोस गं. कल्पना छान आहे.’

हे जास्त लागलं.

काकू, कल्पना नाही हो. २५ लाख वर्षं प्रवास करून आलेला उजेड आहे. सेन्सरची खरखर (नॉइज, म्हणजे फोटोत उगाच उमटणारे बारीक ठिपके) प्रत्येक फ्रेममध्ये वेगळी असते, दीर्घिका मात्र तीच. दोनशे फ्रेम्सची सरासरी काढली की खरखर साधारण चौदापट कमी होते आणि तिच्यात बुडालेल्या कडा वर येतात. १८८८ साली आयझॅक रॉबर्ट्स या हौशी खगोलनिरीक्षकानं २० इंची दुर्बिणीतून काही तास हाच उजेड फोटोच्या एका काचेवर साठवला. त्याला कुणी पाचच सेकंदांची काच मागितली नसेल.

रंगाचं विचारलंत तर मात्र मी जरा अडखळते. गाभ्यातले म्हाताऱ्या ताऱ्यांचे पिवळे आणि बाहूंमधले तरुण ताऱ्यांचे निळे, दोन्ही कॅमेऱ्यात येतात, पण फिके. एडिट करताना रंग वाढवायचा स्लायडर मी ओढते. किती? बरं दिसेपर्यंत. कॉलेजात असताना मी तावातावानं म्हणायचे, डोळ्याला दिसत नाही ते फोटोत दाखवणं ही फसवणूक. त्या मुलीला आज पुण्याजवळच्या वेल्ह्याच्या अंधारात नेलं तर तिला करडा डागच दिसेल, कारण इतक्या मंद उजेडात डोळ्यांना रंग कळत नाहीत. मग डाग खरा आणि निळा खोटा? नाही पटत. पण स्लायडर कुठे थांबवायचा हे कॅमेरा सांगत नाही, असं ती म्हणाली की माझ्याकडे उत्तर नसतं.

हल्ली मी फोटोशेजारी मूळ फ्रेमही लावते. लोक विचारतात, हा काळा कशाला लावलाय?