काळ्या मातीतून रेल्वेखालचा भुयारी मार्ग : माझा अनुभव

जळगाव जिल्ह्यात तापीकाठच्या एका गावाजवळ चालू रेल्वेमार्गाखालून बॉक्स पुशिंग पद्धतीने, म्हणजे काँक्रीटची तयार पेटी (बॉक्स) जॅकने मातीत ढकलत, भुयारी मार्ग नेण्याच्या कामावर मी साइट इंजिनिअर होतो. खानदेशातल्या काळ्या मातीला उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडतात आणि पावसाळ्यात ती फुगून मऊ होते, कारण तिच्यातील मॉन्टमोरिलोनाइट हे खनिज पाणी शोषते. बोअरमधील नमुन्यांचा फ्री स्वेल इंडेक्स, म्हणजे पाण्यात माती किती फुगते याचे माप, 50 टक्क्यांच्या वर निघाला. अशा ओल्या मातीत बॉक्स तसाच ढकलला असता, तर समोरची माती ढासळून वरचे रूळ खचण्याची भीती होती.

भराव रचून उभ्या निचरा-पट्ट्यांतून पाणी काढणे हा मऊ चिकणमातीवरचा चांगला उपाय आहे, पण त्याला महिने लागतात आणि धावत्या मार्गावर भराव रचता येत नाही. कमी दाबाने सिमेंटचे ग्राउट (सिमेंट आणि पाण्याचे पातळ मिश्रण) मातीत भरावे, असा आग्रह बैठकीत झाला. जाड वाळूत ते मुरते. चिकणमातीची छिद्रे मात्र सिमेंटच्या कणांपेक्षा बारीक असल्यामुळे ते माती फाडत वाट मिळेल तिकडे जाते. म्हणून जेट ग्राउटिंग ठरले. त्यात फिरत्या नळीच्या बारीक तोंडातून साधारण 400 बार दाबाने सुटणारे ग्राउट माती कापते, तिच्यात मिसळते आणि नळी वर ओढत नेली की मागे खांब तयार होतो.

आधी रुळांपासून दूर चाचणीचे खांब केले आणि खणून मोजले. खालच्या चिकट थरात ते बारीक भरले होते, तेव्हा नळी वर ओढण्याचा वेग कमी केला आणि खांब जवळजवळ घेतले. सर्वांत जास्त जपावे लागले ते नळीच्या कडेने वर येणाऱ्या माती-ग्राउटच्या गाळाला. मातीच्या गोळ्याने त्याची वाट बुजली, तर अडकलेला दाब रूळ उचलतो. त्यामुळे गाड्यांचा वेग मर्यादित ठेवून आम्ही सतत रुळांची पातळी मोजत होतो आणि जुन्या ट्रॅकमन काकांनी हात वर करताच पंप थांबत असे.

पाऊस तोंडावर होता, तरी 28 दिवसांच्या नमुन्यांची ताकद पाहिल्याशिवाय जॅक लावायचे नाहीत, यावर मी ठाम राहिलो. त्यानंतर थोडे खोदायचे आणि तेवढाच बॉक्स पुढे सरकवायचा, या क्रमाने तो पलीकडे निघाला. पोहोचमार्गाच्या मातीत मात्र चुना मिसळणे पुरेसे ठरले.