कूळ लागेल म्हणून कागद नको

आमच्या सासूबाईंचा खोली देण्याचा एकच कायदा होता: कागद करायचा नाही. कोल्हापुरात राजारामपुरीतल्या घराच्या वरच्या मजल्यावर तीसेक वर्षं बाहेरगावच्या मुली राहतात. पाच तारखेला पैसे, रात्री दहाला फाटकाला कुलूप, अनामत एका महिन्याची. नोंद म्हणाल तर स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर पेन्सिलीनं 'आजरा - दिले', म्हणजे आजऱ्याच्या मुलीचे पैसे आले. कागद केला की कूळ लागतं, म्हणजे भाडेकरू कायमचा हक्क सांगून बसतो, ही त्यांची पक्की समजूत. त्यात त्यांची चूक नव्हती. माहेरी पेठेतल्या वाड्यात एक जुना भाडेकरू होता, त्याचं भाडं चहाच्या पैशांइतकं आणि मुक्काम दोन पिढ्यांचा. ते बघून मोठी झालेली बाई कागदाला भिणारच.

गेल्या जुलैत चंदगडकडची एक मुलगी आली. विद्यापीठात एम.एस्सी.ला प्रवेश मिळालेला. आठवड्याभरानं जिन्यात थांबून म्हणाली, "काकू, करारपत्र करून देता काय? खर्च मी देतो." (आमच्याकडे मुलीही 'देतो', 'जातो'च म्हणतात, पुण्याच्या वाचकांनी दचकू नये.) कशाला पाहिजे विचारलं तर नुसतं "कॉलेजात मागितलंय." दोन दिवसांनी परत तेच. तिसऱ्यांदा खरं बाहेर आलं. सरकारी वसतिगृहात नंबर लागला नव्हता आणि अशा मुलांना राहण्याजेवणाचे पैसे देणाऱ्या सरकारी स्वाधार योजनेचा अर्ज भरायचा होता. त्याला भाड्यानं राहत असल्याचा करार जोडायला लागतो.

आधी का सांगितलं नाहीस, हे मी विचारलं नाही. विचारायची गरज नव्हती. ही योजना अनुसूचित जातीच्या आणि नवबौद्ध मुलांसाठी आहे. योजनेचं नाव घेतलं की जात कळते, आणि जात कळली की खोली 'आत्ताच दुसऱ्यांना दिली' असते, हे तिला माझ्याआधी ठाऊक. सासूबाई आडनाव विचारल्याशिवाय जिना चढू देत नसत. मी विचारत नाही. पण आधारची झेरॉक्स घेतेच की, त्यात ते असतंच. शाहू महाराजांनी 1901 पासून या गावात बोर्डिंगं काढली, 1908 मध्ये अस्पृश्य मानलेल्या मुलांसाठी मिस क्लार्क बोर्डिंग काढलं. त्या गावात ही मुलगी माझ्या जिन्यात तीनदा थांबली.

मग मी कायदा वाचायला बसले. बँकेत पस्तीस वर्षं कागदच चाळलेत, त्यामुळे कंटाळा आला नाही. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा 1999 चा, लागू झाला 31 मार्च 2000 ला. त्याचं कलम 55 म्हणतं, भाड्याचा किंवा लिव्ह अँड लायसन्सचा (म्हणजे ठरल्या मुदतीपुरती राहायची नुसती परवानगी) करार लेखी हवा आणि नोंदवलेला हवा, आणि नोंदवायची जबाबदारी मालकाची. नाही नोंदवला तर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. त्याहून मजेची गोष्ट पुढे आहे: कागद नसेल आणि वाद झाला, तर अटींबद्दल भाडेकरू सांगेल ते खरं धरायचं, मालक उलट सिद्ध करेपर्यंत. उलट लायसन्सचा करार असेल तर कलम 24 प्रमाणे मुदत संपली की जागा सोडावी लागते, नाही सोडली तर दुप्पट पैसे. म्हणजे सासूबाई तीस वर्षं ज्या कागदाला भीत होत्या, तोच त्यांचा पाठीराखा होता. हे त्यांना समजावून सांगितलं. त्या म्हणाल्या, "आणि कूळ लागलं तर?"

अकरा महिन्यांचंही तसंच. बारा महिन्यांच्या आतला करार 1908 च्या नोंदणी कायद्यात नोंदवावा लागत नाही, म्हणून सगळे अकरा लिहितात. महाराष्ट्रात त्याचा उपयोग नाही, इथं अकराचाही नोंदवायला लागतो. शेजारचे म्हणाले, नोटरी करून टाका. नोटरी म्हणजे नोंदणी नव्हे. शंभराचा स्टॅम्प 2024 मध्ये पाचशेवर गेला, तरी नोटरीवरची श्रद्धा हलत नाही.

खर्च असा झाला. तिघी मुली, प्रत्येकी अडीच हजार. अकरा महिन्यांचं भाडं आणि अनामतीवरचं धरलेलं व्याज मिळून पाव टक्का, म्हणजे मुद्रांक दोनशेच्या घरात. महापालिका हद्दीत नोंदणी फी हजार. लॅपटॉप आणि अंगठ्याचं यंत्र घेऊन घरी येणाऱ्या पोराचे आणखी हजार. निम्मे मी घातले. बहुतेक मालक मुलांच्याच माथी मारतात आणि वर उपकार केल्यासारखं बोलतात.

घर सासूबाईंच्या नावावर. त्यांचा अंगठा काही यंत्रात उठेना. आयुष्यभर भांडी घासून रेषा गेलेल्या. खोबरेल लावलं, पुसलं, मग दुसरी बोटं, शेवटी मधल्या बोटानं घेतलं. चंदगडची मुलगी त्यांचा हात धरून बसली होती. आडनावाचं काही निघालं नाही.

केंद्राच्या मंत्रिमंडळानं 2 जून 2021 ला आदर्श भाडेकरार कायदा मंजूर केला. त्यात राहत्या घराची अनामत जास्तीत जास्त दोन महिन्यांची, खोलीत यायचं तर मालकानं चोवीस तास आधी कळवायचं. पण तो राज्यानं स्वीकारला तरच लागू होतो, आपल्याकडे 1999 चाच चालतो. चोवीस तासांची अट मला मात्र टोचली. गच्चीवर पापड घालायला मी त्यांच्या खोलीतूनच जाते.

कॉट बेसिसवर, म्हणजे खोलीतली एकेक कॉट भाड्यानं घेऊन राहणारी मुलं कायदा लिहिणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर नसावीत. आमच्या करारावर तिघींची नावं. डिसेंबरात एक पुण्याला नोकरीला गेली. तिच्या कॉटवर राधानगरीची मुलगी आली. करार बदलायचा तर पुन्हा सगळा खर्च पहिल्यापासून. त्यात ही सतरा वर्षांची, म्हणजे स्वतः करारच करू शकत नाही, वडिलांनी करायला हवा. त्यांना फोन केला. ते उसाच्या शेतात होते.

"काकू, गाळप हंगाम संपला की येतो अंगठा द्यायला," म्हणाले.

मार्च आला. कॅलेंडरवर सासूबाईंच्या अक्षरात पेन्सिलीनं लिहिलंय, 'राधानगरी - दिले'.