कुसळ, नाकतोडा, भोवत्या

सोलापुरातले पहिले दोन दिवस भुईकोट किल्ला, सिद्धेश्वराचे देऊळ आणि शेंगाचटणीच्या खरेदीत गेले. लिहावेसे वाटते ते तिसऱ्या दिवशीच्या संध्याकाळविषयी, बार्शी रस्त्यावरच्या नान्नजच्या माळाविषयी.

माळढोक पक्ष्यासाठी १९७९ साली घोषित झालेल्या या अभयारण्याचा हा भाग शहरापासून सुमारे २० किलोमीटरवर आहे. डिसेंबर होता, गवत वाळून पिवळे पडले होते, आणि माझ्याबरोबर थांबलेल्या एका कुटुंबाने पंधरा मिनिटांतच ठरवून टाकले की माळढोक दिसत नाही, म्हणजे हा नुसता पडीक माळ आहे. ‘पडीक’ हा शब्द मला फार लागला. याच शब्दाच्या आधाराने माळांवर झाडे लावण्यासाठी खड्डे खणले जातात. पुढे सावली वाढली की गवत मागे हटते आणि उघड्या जमिनीवर अंडी घालणाऱ्या माळढोक, धाविक अशा पक्ष्यांची जागाच जाते.

मी तिथून निघालो आणि हद्दीबाहेर मेंढ्या चारणाऱ्या एका वयस्क धनगर मामांजवळ जाऊन बसलो. मेंढ्यांच्या पावलांनी नाकतोडे उडत होते आणि एक कोतवाल मेंढीच्या पाठीवरून झेपावून ते टिपत होता. त्यात त्याचे पोट भरते आणि मेंढीचे काही जात नाही. कुसळाचे तसे नाही. त्याचे अणकुचीदार बी लोकरीत अडकून दूरवर पोहोचते, पण मेंढीच्या कातडीत रुतून तिला जखमही करते. म्हणून कुसळ पिकले की मामा त्या बाजूला कळप नेतच नाहीत.

“मामा, लांडग्याचा त्रास होतो का?” मी विचारले.

“हुतो की. पावसाळ्यात दोन कोकरं न्हेली. पर त्यो तरी काय करंल? हरणं घावंनात, तर मेंढरांकडंच येणार.”

नुकसान सोसलेल्या माणसाने लांडग्याची बाजू इतक्या शांतपणे सांगावी, याचे मला अजून आश्चर्य वाटते. रेमंड लिंडमन या अमेरिकी संशोधकाने एका तळ्याचा अभ्यास करून हाच हिशेब ऊर्जेच्या भाषेत मांडला. तो निबंध १९४२ साली, वयाच्या २६व्या वर्षी त्याचा मृत्यू झाल्यानंतर काही महिन्यांनी छापला गेला. कोण कोणाला खातो या अन्नसाखळीच्या प्रत्येक पायरीवर बरीचशी ऊर्जा श्वसनात आणि हालचालीत उष्णता होऊन निघून जाते आणि ढोबळमानाने दहावा हिस्साच पुढे पोहोचतो. गवतात १०,००० एकके असतील तर नाकतोड्यांत १,०००, त्यांना खाणाऱ्या सरड्यांत १०० आणि सरडे उचलणाऱ्या शिकारी पक्ष्यात जेमतेम १० उरतात. लांडग्याच्या एका कुटुंबाला मैलोन्‌मैल माळ का लागतो, ते यावरून कळते. माळ तुकड्यातुकड्यांनी नांगरला गेला की सर्वांत आधी उपाशी राहतो तो वरच्या पायरीवरचा प्राणी.

ऊर्जा अशी एकाच दिशेने जाते, माती मात्र दिलेले परत मागते. मामा रात्री शेतकऱ्यांच्या रानात मेंढ्या बसवतात, त्याबद्दल त्यांना धान्य किंवा पैसे मिळतात, आणि माळावरच्या गवतातले नत्र लेंड्यांच्या रूपाने ज्वारीच्या मुळांशी जाते. त्या कुटुंबाला हे दाखवावे असे मला फार वाटले, पण त्यांची गाडी केव्हाच निघून गेली होती.

ऊन कलल्यावर मध्य आशियाकडून हिवाळ्यासाठी येणारे भोवत्ये हे शिकारी पक्षी गवतावरून अगदी खालून घिरट्या घालू लागले. झाडावर न बसता हे पक्षी रात्र गवतातच जमिनीवर काढतात. एकेक करून सात भोवत्ये गवतात उतरले आणि दिसेनासे झाले. मामांनी शेजारच्या रानात वाघर, म्हणजे जाळीचे कुंपण, लावून कोकरे आत घेतली आणि कुत्र्यांना माळाच्या बाजूला बसवले.