बाजू पलटायची राहिली

आज सकाळी फोनवर गीतरामायण लावलं होतं. एक गाणं संपलं तशी आई कणीक मळता मळता उठली, पिठाचे हात तसेच, आणि टेबलाकडे दोन पावलं टाकून थबकली.

"अगं, बाजू पलटायची ना आता?"

पलटायला काही नव्हतंच. पुढचं गाणं सुरूही झालं होतं.

आमच्या घरात हे गीतरामायण चारदा आलं. आधी आजोबांच्या तबकड्या, एका बाजूला जेमतेम वीस-बावीस मिनिटं. मग बाबांनी बोनसमधून घेतलेल्या कॅसेट. फीत बाहेर आली की पेन्सिल घालून ती गुंडाळायचं काम माझं. मग माझ्या पहिल्या पगारातल्या सीडी. त्यांत बाबूजींचा, म्हणजे गायक सुधीर फडक्यांचा, शब्द न् शब्द लख्ख ऐकू आला तेव्हा बाबांचे डोळे भरून आले होते. आता दर महिन्याला पैसे भरते, पण कपाटात ठेवायला काही नाही.

१९५५ साली पुणे आकाशवाणीवरून गदिमा-बाबूजींचं हे गीतरामायण सुरू झालं. आठवड्याला एक नवं गाणं, अशी ५६ गाणी. पुढच्या गाण्यासाठी माणसं आठवडाभर थांबायची! कॅसेटमध्ये ते थांबणं बाजू पलटण्यापुरतं उरलं होतं. तेवढ्या वेळात आई चहाचं आधण ठेवायची.

बाबांच्या कॅसेट मी टाकलेल्या नाहीत. टेप मात्र बंद पडलाय. पुण्यात अजून कुणी दुरुस्त करून देतं का? आईला एकदा बाजू पलटू द्यायची आहे.