नाणेघाटाचा उभा छेद: नाळेतले तीस मीटर सापडले

जुळलं एकदाचं! नाणेघाट म्हणजे कोकणातून जुन्नरकडे चढणारी सातवाहनकालीन घाटवाट. तिच्या पायथ्याच्या वैशाखऱ्यापासून माथ्याजवळच्या गुहेपर्यंत चढताना काढलेला उंचीचा आलेख, म्हणजेच उभा छेद, आणि उतरतानाचा आलेख आता एकमेकांवर बसतात. वरच्या नाळेत, म्हणजे कड्यांमधल्या अरुंद घळीत, थोडी फट उरते, पण ती माणसाच्या उंचीएवढी. मागच्या नोंदीत हीच फट तीस मीटरांची होती आणि त्यावरून बरीच थट्टाही झाली होती. तेव्हा मंडळी, आधी पेढे घ्या, मग पुढचं वाचा.

नाळेतला जीपीएस हा आपला जुना शत्रू. उघड्या माळावर पाच मीटरांत जागा सांगणारं यंत्र दोन्ही बाजूंना कडा आली की बावचळतं. उपग्रहाचा संदेश कातळावर आपटून उशिरा पोचतो आणि ट्रॅक कड्याच्या पोटातून सरळ आरपार जातो. आडव्या अंतराची ही गत, तर उंचीचं विचारूच नका. ती त्याहून बेभरवशाची. संगणकावर तयार मिळणारा उंचीचा आलेख तर मी या कामासाठी केव्हाच मोडीत काढलाय. एसआरटीएम म्हणजे अवकाशातून रडारने मोजलेल्या उंचीचा नकाशा; त्याचा एक चौकोन साधारण तीस मीटरांचा. नाणेघाटाच्या माथ्याकडची नाळ त्या चौकोनात पूर्ण बुडते, दोन्हीकडचे कडे आणि मधली वाट यांची सरासरी निघते, आणि चित्र असं दिसतं की सातवाहनांच्या काळापासून लोक दोर लावून घाट चढत होते. टोपोशीटवरच्या (सर्वेक्षण खात्याच्या नकाशावरच्या) समोच्च रेषा वीस मीटरांच्या अंतराने. डोंगर समजायला त्या उत्तम, पण पायरीगणिक चढ मोजायला कुचकामी.

म्हणून वायुदाबाकडे, म्हणजे दाबावरून उंची सांगणाऱ्या मनगटी घड्याळाकडे वळलो होतो. हवेचा दाब एक हेक्टोपास्कलने (हे दाबाचं एकक) उतरला की आपण आठ-नऊ मीटर वर आलो, इतकं सरळ गणित. त्याला कड्याची अडचण नाही, झाडीची नाही. तरीही चढताना गुहेची उंची एक यायची आणि दुपारी उतरायला लागताना त्याच दगडावर दुसरीच. मागच्या नोंदीनंतर आलेल्या बहुतेक निरोपांचा सूर 'घड्याळ बदला' असा होता. घड्याळात एक खोड आहे हे खरं: ते मधूनमधून स्वतःहून जीपीएसच्या उंचीवर दाब जुळवून घेतं. नाळेत हा उपकार नको. ही सोय बंद कशी करायची हे कंपनीच्या पुस्तिकेत धड लिहिलेलं नाही, तीन मेनू खाली दडवून ठेवलंय. ती बंद केली तरी फट जाईना.

मग एक अगदी आळशी प्रयोग केला. आडवारी गेलो, म्हणजे गर्दी नाही. सकाळी दहाच्या सुमारास गुहेच्या तोंडाशी सावलीत घड्याळ ठेवलं आणि चार वाजेपर्यंत हलवलं नाही. चारला घड्याळ म्हणालं, आपण तीसेक मीटर वर चढलोय! हवा स्वच्छ, ढगाचा पत्ता नाही, वारा नेहमीचा.

घड्याळ खोटं बोलत नव्हतं. आपल्या पट्ट्यातल्या हवेलाच दिवसातून दोनदा भरती-ओहोटी येते. सकाळी दहा आणि रात्री दहाच्या आसपास दाब सर्वांत जास्त, पहाटे चार आणि दुपारी चारला सर्वांत कमी. समुद्राची भरती मुख्यतः चंद्राची, ही सूर्याची. उन्हाने वातावरण तापतं त्यातून उठलेली लाट. युरोपातल्या डोंगरांत ती इतकी बारीक असते की तिथल्या वादळी चढउतारात हरवून जाते. तिकडच्या ट्रेकर्सच्या सल्ल्यांत तिचा उल्लेख क्वचितच सापडतो तो त्यामुळे. इकडे दख्खनवर दहा ते चार या वेळात दाब तीन-चार हेक्टोपास्कलने उतरतो. गुणाकार करा, आपले तीस मीटर समोर येतात.

आणि आता यातली सगळ्यात गोड गोष्ट. नाणेघाटाची गुहा आणि तिथले शिलालेख १८२८ मध्ये अभ्यासकांच्या नजरेस आणले ते विल्यम साइक्स या ब्रिटिश लष्करी अधिकाऱ्याने. हाच साइक्स मुंबई सरकारसाठी दख्खनची सांख्यिकी माहिती गोळा करत हिंडत होता, आणि १८३५ मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीच्या नियतकालिकात त्याचा निबंध छापून आला तो दख्खनच्या वातावरणातल्या भरती-ओहोटीवर! म्हणजे आपण ज्या कोड्यावर इतके महिने डोकं फोडत होतो ते सोडवणारा माणूस याच वाटेने येऊन गेलेला. साइक्सबद्दल आपल्याकडे शिलालेखांच्या संदर्भात एक ओळ लिहून पुढे जातात. त्याच्या दाबाच्या नोंदींवर कुणीतरी मराठीत नीट लिहायला हवं.

उपाय जुनाच आहे, सर्वेक्षणवाले वापरत आलेले: दोन दाबमापकं. एक पायथ्याशी हलवायचं नाही, दुसरं आपल्याबरोबर. दोघांतला फरक घेतला की भरती-ओहोटी आपोआप वजा होते. पुण्यात तपकीर गल्लीतून बीएमपी२८० हे दाब मोजणारे दोन सेन्सर आणि नोंदी ठेवायला दोन छोटे बोर्ड आणले. हा सेन्सर जेमतेम एका मीटरचा फरक ओळखतो आणि किंमत वडापावच्या हिशेबातली. महागड्या घड्याळांच्या जाहिराती वाचणाऱ्यांनी याची नोंद घ्यावी. मात्र डबी घट्ट बंद करू नका, हवेला भोक हवं. आणि ती उन्हात ठेवू नका. पायथ्याचा लॉगर (सेन्सर आणि बोर्डाची नोंदी ठेवणारी डबी) ओळखीच्या मामांच्या पडवीत ठेवला. 'हे तिकीट काढणारं मशीन आहे का' असं विचारून त्यांनी तो पोराबाळांच्या हाताला लागणार नाही असा उंचावर टांगला.

तरीही पहिल्या हिशेबात एकूण चढाई कमी यायला लागली. इथे तापमान आडवं येतं. तयार सूत्रं समुद्रसपाटीला पंधरा अंश धरून चालतात, आणि एप्रिलात वैशाखऱ्याला पंधरा अंश म्हणजे थट्टाच. हवा दहा अंशांनी जास्त गरम असेल तर उंची साधारण साडेतीन टक्के कमी दाखवली जाते. वर-खाली दोन्हीकडचं तापमान नोंदवून सरासरी सूत्रात घातली, तेव्हा कुठे आकडे शहाण्यासारखे वागायला लागले.

आता छेद डोळे भरून बघण्यासारखा झालाय. खालच्या जंगलात वाट सावकाश उठते, मग पदरातली, म्हणजे डोंगराच्या मधल्या सपाटीवरची ढील, आणि मग वरचा खडा चढ. त्या चढात बसवलेले दगड आणि कोरलेल्या पायऱ्या लागतात तिथेच आलेखाची रेघ वळते. ज्याने वाट बांधली त्याने मेहनत नेमकी कुठे खर्चायची हे ओळखलं होतं. लादलेला बैल या चढावर किती वेळ दम धरेल, हा माझा पुढचा प्रश्न. नुसतं 'इतके किलोमीटर' सांगणारे ट्रॅक मला म्हणूनच आवडत नाहीत. घाटवाट मोजायची ती चढाने आणि पाण्याने.

पाण्यावरून आठवलं. ते सहा तास गुहेपाशी काढताना सातवाहन राजा हालाची गाथासप्तशती, हा प्राकृत गाथांचा संग्रह, बरोबर होती. त्या गाथांत वाटसरू पानोपानी भेटतात. पाणपोईवरची ती गाथा बहुतेकांना माहीत असेल: वाटसरू वर बघत, ओंजळीची बोटं सैल सोडून सावकाश पाणी पितो, आणि पाणी ओतणारी पोरही धार बारीक बारीक करत जाते. दोघांनाही घाई नाही. इथल्याच एका टाक्याच्या दानलेखात सोपाऱ्याच्या गोविंददासाचं नाव आहे. बंदरावरचा माणूस इतक्या वर पाण्याचं टाकं देतो, कारण त्याचा माल याच नाळेतून जात असणार. प्रवासाला गेलेल्याने पावसाआधी परतायचं, हा त्या गाथांतला कायमचा ठोका. ओली नाळ एकदा उतरून बघा, म्हणजे त्यामागचं कारण गुडघ्यांना कळतं.

पुढचा बेत कुसूर घाटाचा होता, तिथली फरसबंदी मोजायची म्हणून. पण हे लिहिताना दुसरंच सुचतंय. मामांच्या पडवीतला लॉगर दाऱ्या घाटालाही चालेल! अंतर फार नाही, दाबाची लाट दोन्हीकडे एकच. म्हणजे दोन तुकड्या एकाच दिवशी, एक वैशाखऱ्याहून नाणेघाट आणि दुसरी पळूहून दाऱ्या घाट, आणि पायथ्याचा हिशेब सामाईक. मग या दोन शेजारी वाटांपैकी लादलेल्या जनावराला सोपी कोणती, ते अंदाजाने नाही तर आकड्यांनी सांगता येईल. कुसूर दिवाळीनंतर.

यासाठी अजून एक फिरता लॉगर लागेल. ज्याला डाग देता येतो (सोल्डरिंग जमतं) त्याने बोर्ड जोडायला घ्यावा, जोडणीचं चित्र मी पाठवतो. पाऊस सुरू व्हायच्या आत, आडवारी जायचं. शनिवार-रविवारी उलट्या धबधब्याची चौकशी करणारेच जास्त भेटतात. दाऱ्याची नाळ ज्यांनी उतरलीय त्यांनी वरच्या कातळटप्प्याचे ताजे फोटो टाका, दोर घ्यायचा की नाही ते त्यावरून ठरवू. आणि कल्याणहून पहाटेची एसटी कोणती धरायची तेही कुणीतरी पक्कं विचारून ठेवा.